स्वच्छतेचा शेरा

त्या प्लांटवर पाठीमागे सगळे त्याला 'बोटसाहेब' म्हणत. तोंडावर अर्थातच 'साहेब'. सुरक्षा खात्याचा हा तपासनीस कुठेही गेला की आधी उजव्या हाताचं बोट बाहेर काढायचा आणि कठड्यावरून, स्विचबोर्डावरून, आग विझवायच्या नळकांड्याच्या डोक्यावरून ते फिरवायचा. मग बोट उजेडात धरून असा काही बघायचा, की समोरच्या मॅनेजरच्या घशाला कोरड पडावी. एकवीस वर्षं हेच चाललं होतं. धूळ दिसली म्हणजे माणसं कामचुकार, आणि माणसं कामचुकार म्हणजे अपघात ठरलेला, असं त्याचं सरळसोट गणित होतं. ते गणित कुणी कधी तपासून पाहिलं नव्हतं, त्याने स्वतःही नाही.

प्लांट होता ओल्या कचऱ्याचा. शहरभरच्या स्वयंपाकघरांतलं आणि मंडईतलं उरलंसुरलं ट्रकने यायचं, दळलं जायचं, दोन प्रचंड बंद टाक्यांत महिनाभर सडायचं. त्यातून निघालेला गॅस नळीने पुढे जायचा आणि उरलेला गाळ खत व्हायचा. कागदावर इतकं छान काम दुसरं नाही. पण सडण्यातून नुसता जळणाचा गॅस निघत नाही, त्याच्यासोबत माणूस मारणारा वायूही निघतो, आणि म्हणून जागोजागी तो मोजणारे अकरा मीटर लावलेले होते. वायू वाढला की मीटरवर आकडा चढायचा, भोंगा वाजायचा आणि सगळा प्लांट आपोआप बंद पडायचा. निदान तसं व्हायला हवं होतं.

याच प्लांटवर त्याची भाची सहा महिन्यांपूर्वी सुरक्षा अधिकारी म्हणून लागली होती. राहायची त्याच्याच घरी, मागच्या खोलीत. नात्यातलं माणूस असेल तर तपासणीला दुसऱ्याला पाठवावं, असा खात्याचा नियम होता. हा तो नियम सोयीस्करपणे विसरला होता. बहीण पोरीला पाठवायला तयार नव्हती, तेव्हा यानेच छाती ठोकून सांगितलं होतं, "अगं, तो प्लांट मी तपासतो. डोळे मिटून पाठव." त्यावर बहीण एवढंच म्हणाली होती, "मग तुझ्या भरवशावर पाठवते हं." ते वाक्य अधूनमधून त्याच्या कानात वाजायचं.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी जेवताना भाचीने विषय काढला.

"मामा, एक विचारू?"

"विचार की. परवानगी काय मागतेस, कोर्टात उभी आहेस का?"

"आमच्या अकराच्या अकरा मीटरांवर सहा महिन्यांत एकदाही आकडा आलेला नाही. रोज शून्य. सकाळी शून्य, संध्याकाळी शून्य."

"मग तुला काय, शंभर हवे होते?"

"एक तरी हवा होता." तिने घास ताटात परत ठेवला. "कचरा सडवायचा धंदा आहे आपला. कुठेतरी, कधीतरी एक-दोन यायलाच पाहिजेत. सकाळी गाळखोलीजवळ गेलं की सडलेल्या अंड्यांचा वास येतो. नऊपर्यंत तो गायब."

"पंखे असतात."

"पंखे रात्रीही असतात. वास नाही जात मामा, नाक जातं. हा वायू आधी नाक मारतो आणि मग माणूस. तूच शिकवलंस ना मला?"

"जेवताना कचऱ्याचं काढू नका गं," मामी म्हणाली. "दिवसभर तेच करता ना दोघं?"

भाची ताट उचलताना हळूच म्हणाली, "उद्या तुझी बाटली फोड, मामा. एकदाच."

बाटली म्हणजे चाचणीच्या वायूची बाटली. मीटरच्या जाळीवर तिची वाटी धरायची आणि मोजून घेतलेला वायू सोडायचा. मीटर जिवंत असेल तर आकडा चढतो. तपासनिसाच्या बॅगेत ती कायम असायची आणि कायम तशीच परत जायची. कारण भोंगा वाजला की प्लांट बंद, आणि बंद पडलेला प्लांट पुन्हा रुळावर यायला आठ तास. मॅनेजर लोक हात जोडत, 'साहेब, मीटर कंपनीचा दाखला आहे, तो बघा की.' आणि साहेब दाखला बघत. खात्यात सगळेच दाखला बघत. त्याला कुणी लबाडी म्हणत नव्हतं, समजूतदारपणा म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो प्लांटवर पोहोचला आणि खूश झाला. काय तो थाट! फाटकापासून टाक्यांपर्यंत सगळं घासूनपुसून लख्ख. कठड्यांवर बोट फिरवलं तर बोटच जास्त मळकट वाटावं. मीटरांच्या जाळ्या तर नव्या भांड्यांसारख्या चमकत होत्या. मॅनेजर मागेपुढे नाचत होता.

"कसं वाटतंय साहेब? मागच्या वर्षीचं राहिलंय का काही?"

"बरं आहे," तपासनीस म्हणाला. त्याच्या तोंडून 'बरं' निघणं म्हणजे दुसऱ्या कुणी हार घालण्यासारखं होतं.

भाची वही घेऊन चार पावलं मागून चालत होती. इथे ती त्याला सर म्हणायची आणि तो तिला मॅडम. कुणाला संशय यायचं कारण नव्हतं, दोघांची आडनावं वेगळी आणि नाकंही. पण तिचं लक्ष आज त्याच्याकडे नव्हतं, गाळखोलीकडे होतं. टाकीतून येणारा गाळ त्या खोलीत गाळला जायचा. जमिनीच्या खाली सहा पायऱ्या, लोखंडी दार आणि आत एक पंप. पंप परवापासून तुंबला होता आणि आज दोन वाजता चौघांनी आत उतरून तो मोकळा करायचा असं ठरलं होतं. त्या चौघांतली एक ती स्वतः होती.

उरलेल्या तिघांत एक पंपवाला होता. त्याला सगळे 'रेडिओ' म्हणत. सकाळी कामावर आला की हा सुरू व्हायचा तो सुटीपर्यंत. पाणी, पाऊस, राजकारण, शेजाऱ्याचा कुत्रा, काहीही. भाचीने सव्वा वाजता तिघांच्या अंगावर पट्टे चढवले आणि पट्ट्यांना दोऱ्या बांधल्या, तेव्हाही त्याची बडबड चालूच होती.

"मॅडम, शून्य आहे तर दोरी कशाला? गाय आहे का मी?"

"गाय गुपचूप उभी राहते," भाची म्हणाली. "मी येईपर्यंत दार उघडायचं नाही. दोन म्हणजे दोन."

मग ती ऑफिसात गेली. तिथे तपासनीस रजिस्टरं चाळत बसला होता. पानामागून पान शून्यं. सहा महिन्यांची, नाही, जवळजवळ वर्षभराची शून्यं, एकाखाली एक. सकाळी त्याला त्यांचं कौतुक वाटलं होतं. आता मात्र पानावरून खाली सरकणारं बोट मधेच थांबलं. गेल्या वर्षी पहिल्या तिमाहीत तीन, पाच, दोन, चार असे आकडे होते. मग एका आठवड्यात ते उतरत गेले आणि संपले. प्लांट तोच, कचरा तोच. मग वायू गेला कुठे?

त्याने हा विचार झटकला. माणसाला आपलं समाधान मोडायला आवडत नाही, आणि चहाही नुकताच आला होता.

"सर," भाची समोर उभी राहून म्हणाली, "सही करण्याआधी एका मीटरची चाचणी घ्यावी अशी माझी विनंती आहे. गाळखोलीच्या."

मॅनेजर आधी हसला, मग त्याच्या लक्षात आलं की ती गंमत करत नाहीये. "मॅडम, आठ तास! आज चार ट्रक यायचेत. आणि साहेबांना आपण शिकवायचं का?"

तपासनिसाला राग आला. चारचौघांत तिने त्याला असं कोंडीत पकडायला नको होतं. 'दाखला पुरे' हे शब्द जिभेवर आलेही होते. पण तिच्याही अंगावर तसाच पट्टा होता, आणि पट्ट्याची कडी ती नकळत घट्ट धरून उभी होती. लहानपणी इंजेक्शनच्या रांगेत ती अशीच फ्रॉकचं टोक धरून उभी राहायची. दोन वाजता ही त्या सहा पायऱ्या उतरणार होती, त्याच्या भरवशावर.

"चला," तो म्हणाला आणि बॅग उचलली.

मॅनेजरचं तोंड कडू झालं. मागे राहून त्याने कमरेचा वॉकीटॉकी तोंडाशी नेला आणि काहीतरी पुटपुटला. तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

गाळखोलीबाहेरच्या बोळात, पायऱ्यांच्या तोंडाशी, गुडघ्याएवढ्या उंचीवर एक मीटर होता. हा वायू हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो, म्हणून मीटरही खाली. तपासनीस उकिडवा बसला. एकवीस वर्षांत बोट फिरवायला तो कितीदा वाकला असेल, पण या कामासाठी मीटरपुढे बसायची वेळ फार वर्षांनी आली होती. त्याने बाटलीचं सील फोडलं, वाटी जाळीवर दाबली आणि चावी फिरवली. फुस्स आवाज झाला.

आकडा शून्य होता. तो शून्यच राहिला.

त्याने मनात तीसपर्यंत मोजलं. मग साठपर्यंत. बाटलीवरचा काटा खाली येत होता, म्हणजे वायू जात होता. मीटरवरचा हिरवा दिवा मात्र शांतपणे लुकलुकत होता, सगळं ठीक आहे, सगळं ठीक आहे.

"बघा!" मॅनेजरचा जीव भांड्यात पडला. "वाजला नाही. मी म्हटलं नव्हतं? गॅसच नाही इथे."

"अहो, बाटलीत गॅसच आहे," भाची म्हणाली.

तपासनिसाने दुसऱ्या भिंतीवरच्या मीटरला वाटी लावली. शून्य. भाचीच्या कमरेचं छोटं यंत्र ओढून घेतलं, त्याला लावली. शून्य. हे मीटर वायू नाही असं सांगत नव्हते. ते काहीच सांगत नव्हते, आणि वर्षभर इथली माणसं त्यांच्या शब्दावर खाली उतरत होती.

तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं की खालून आवाज येतोय. बडबडीचा. लोखंडी दार उघडं होतं.

"आत कोण आहे?" भाची किंचाळली.

"मीच सांगितलं सुरू करायला," मॅनेजर म्हणाला. "शून्य आहे ना! साहेबांना काम चालू दिसू दे म्हटलं..."

खाली दाराशी दोघं दोरी धरून बसले होते आणि रेडिओ आत होता. "...आणि तो कुत्रा बरं का, माझ्याच चपलेवर बसतो, म्हणजे दुसरी जागाच..."

आवाज थांबला.

पंपावर काहीतरी आपटल्याचा ठण्णकन नाद आला. मग तोही नाही. त्या माणसाला गप्प बसलेलं प्लांटवर कुणी कधी ऐकलं नव्हतं, आणि म्हणूनच सगळ्यांना एका क्षणात कळलं. दाराशी बसलेल्यांपैकी एकजण 'अरे!' करून आत धावायला उठला. तपासनीसही उतरू लागला होता, डोक्यात काही नव्हतं, नुसते पाय चालले होते.

"मामा, थांब!" भाची दारात आडवी झाली. "कुणी आत जायचं नाही! जो जाईल तो तिथेच पडेल. दोरी ओढा!"

मामा हा शब्द सगळ्यांनी ऐकला. त्याचं कुणालाच काही वाटलं नाही. चौघांनी दोरी ओढली. ती आधी ताणली, मग अडकली, भाचीने श्वास कोंडून दारातून कमरेएवढं वाकून ती पंपाच्या कोपऱ्यावरून सोडवली, आणि रेडिओ फरशीवरून घसरत, डोकं आपटत, पायऱ्यांवरून ओढला जात वर आला. चेहरा राखेच्या रंगाचा. उघड्या अंगणात नेऊन आडवा केला. त्याला एक उचकी आली, मग ओकारी झाली, मग छाती वरखाली व्हायला लागली. डोळे उघडे होते, लाल, पण तो बोलेना. रुग्णवाहिका आली, त्याला घेऊन गेली, तरी तो बोलला नाही. जगेल, असं त्यातला माणूस म्हणाला. बाकीचं नंतर कळेल म्हणाला.

तपासनिसाने प्लांट बंद करायला लावला. मग भिंतीवरचा एक मीटर उतरवून मांडीवर घेतला आणि अंगणातच बसला. जाळीवरून बोट फिरवलं. धूळ नव्हती. एक गुळगुळीत, तेलकट, अगदी पातळ थर होता.

"हे कशाने पुसलंय?" त्याने विचारलं.

सफाईवाल्या मावशी पुढे आल्या. घाबरल्या होत्या, पण आपल्या कामाबद्दल कुणी प्रथमच विचारतंय याचा थोडा अभिमानही चेहऱ्यावर होता. "मी पुसते, साहेब. दर शनिवारी, न चुकता. भिंतीवरचे अकरा आणि कपाटातले ते कमरेला लावायचे छोटेही." त्यांनी पदराआडून फवाऱ्याचा डबा काढला. गाड्यांचे डॅशबोर्ड चमकवायचं पॉलिश. तपासनिसाने डब्यामागची बारीक अक्षरं वाचली. सिलिकॉन.

हे त्याला माहीत होतं. नव्या नोकरीत शिकवलं होतं, परीक्षेतही आलं होतं. हे पॉलिश जाळीच्या बारीक छिद्रांत बसतं, वाट बुजते, आतल्या तापलेल्या मण्यावर चढलं की तो कायमचा आंधळा होतो, आणि आंधळा मीटर बंद पडत नाही, शून्य दाखवतो. माहीत असून वीस वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं. बोटाला धूळ लागली नाही की त्याचं काम संपत असे.

"कुणी सांगितलं तुम्हाला हे पुसायला?" तो ओरडला. "कुणी?"

मावशींनी मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजर मुकाट्याने ऑफिसात गेला आणि फाईल घेऊन आला. मागच्या वर्षीच्या अहवालाचं शेवटचं पान. त्याने ते वाचून दाखवलं नाही, नुसतं समोर धरलं. तपासनिसाला वाचायची गरज नव्हती, वाक्य त्याचंच होतं. 'मीटरांच्या जाळ्यांवर धूळ आढळली. सर्व मीटर नियमित पुसून चकचकीत ठेवावेत.' खाली सही. सहीखालच्या दोन रेघासुद्धा.

मॅनेजर जवळ सरकला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "साहेब, हे पान फाईलमध्ये असायलाच हवं असं नाही. तुमचीही भाची इथे, माझाही माणूस वाचलाय. पॉलिश मावशींनी आणलं, एवढंच लिहू."

मावशींच्या हातातला डबा खाली पडला.

आणि खरं सांगायचं तर तपासनीस एक क्षण थांबला. माणूसच तो. निवृत्तीला चार वर्षं, घरी बहिणीचा रोजचा फोन. मग त्याला स्वतःची इतकी शरम वाटली की कान तापले. "पान माझ्याकडे द्या," तो म्हणाला. "ते माझ्या अहवालाला लागेल. सगळ्यात वर." मग त्याने मावशींना विचारलं, जरा सांभाळून, "डबा कुठून आणलात?"

"तो विक्रीवाला येतो ना, साहेब. त्याच्याकडे तुमच्या या कागदाची झेरॉक्स असते. ती दाखवतो आणि म्हणतो, साहेबांनाच असं चकचकीत लागतं."

"सगळीकडे जातो तो," मॅनेजर म्हणाला. "तुमच्या सगळ्या प्लांटांवर."

तपासनीस उठून उभा राहिला. सगळ्या प्लांटांवर. ते वाक्य त्याला स्वतःला फार आवडलं होतं. इथे लिहिलं आणि मग वर्षभर प्रत्येक अहवालाच्या शेवटी टंकलेखकाला तेच घालायला लावलं होतं. हा सोडून त्याच्याकडे असे आणखी चौदा प्लांट होते.

त्याने भाचीकडे पाहिलं. तिला सांगावं लागलं नाही. त्याच्या वहीतलं नंबरांचं पान तिने मधोमध फाडलं, सात तिने घेतले, सात त्याला दिले, आणि दोघं अंगणात उभे राहून फोन लावू लागले. पहिल्याने दुसऱ्या मिनिटाला काम थांबवलं. दुसऱ्याने हजार प्रश्न विचारले आणि थांबवलं. तिसरा रजेवर होता, त्याच्या हाताखालच्याने थांबवलं. भाचीचे चार झाले. पाचवा लागत होता.

त्याचा चौथा नंबर गावाबाहेरच्या मोठ्या प्लांटचा होता. दुसऱ्याच घंटीला उचलला गेला.

"साहेब! बोला, बोला. आमच्याकडे कधी येताय? या वेळी बोट फिरवून दाखवाच, धूळ सापडली तर नाव बदलेन."

"तुमची गाळखोली. आत कुणी आहे?"

"आहेत की, चौघं. आत्ताच उतरले. काळजीच नको साहेब, मी स्वतः मीटर बघून सोडलंय."

"बाहेर काढा. दोऱ्या ओढा. आणि वरून कुणीही आत जायचं नाही, ऐकताय का? कुणीही नाही!"

"दोऱ्या कशाला, साहेब? शून्य आहे ना."

"मीटर मेलेत! हाक मारा त्यांना, आत्ता!"

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग पावलं, आधी चालणारी, मग पळणारी. भाची आपला फोन कानाला तसाच धरून जवळ आली आणि तिने मामाची बाही पकडली. लांबून, पायऱ्यांच्या तोंडावरून मारावी तशी एक हाक ऐकू आली. ओ आली नाही. दुसरी हाक आली. मग थोडं थांबून तिसरी, आणि ती पहिल्या दोन्हींपेक्षा खूप मोठी होती.